सोंग मुलाचं, हात कुणाचे?

ऑक्टोबर लागला की आमच्या मुलीच्या शाळेतून पत्र येतं. ३१ तारखेला हॅलोविन असतो, मुलं सोंगं घेऊन संध्याकाळी घरोघर गोळ्या मागत फिरतात; त्या दिवशीच्या शाळेतल्या मिरवणुकीत काय चालेल आणि काय चालणार नाही, ते त्यात लिहिलेलं असतं. चेहरा झाकणारा मुखवटा नको, खेळण्यातली का होईना पण बंदूक-तलवार नको, रक्ताळलेले कपडे नकोत. यंदाचं पत्र चारच ओळींचं आलं. हॅलोविनला कुणी वेष करून येऊ नये, मिरवणूक होणार नाही, सगळ्या कुटुंबांचा विचार करून हे ठरवलं आहे.

मला वाईट वाटलं, पण शाळेचं चुकलं असं एकदम म्हणवेना. आम्ही राहतो त्या न्यू जर्सीत हा वाद नवा नाही. साउथ ऑरेंज आणि मेपलवूड या जोडगावांच्या शाळांनी २०२३ मध्ये हेच केलं, तेव्हा थेट राज्याच्या गव्हर्नरांनी जाहीर नाराजी दाखवली होती. शाळांची कारणं साधारण सगळीकडे तीच असतात. काही घरांत धर्मामुळे हॅलोविन पाळत नाहीत, काहींना वेषाचा खर्च झेपत नाही, आणि मग त्या दिवशी वर्गातली दोन-तीन मुलं रोजच्या कपड्यांत भिंतीला टेकून उभी असतात. ती मुलं मी डोळ्यांनी पाहिली आहेत. त्यांच्याकडे पाठ फिरवून ‘आमच्या लहानपणी सगळं कसं छान होतं’ म्हणणाऱ्यांत मी नाही.

तरीही मिरवणूक बंद करणं हा त्यावरचा उपाय आहे, हे मला पटत नाही. आणि ‘होती तशी परत सुरू करा’ म्हणणाऱ्यांचंही पटत नाही. माझं म्हणणं असं, की वेष मुलांनी स्वतः करावेत, शाळेत करावेत, शाळेनं दिलेल्या पुठ्ठ्या-कागदातून करावेत आणि तेच घालून मिरवावं. हे मी हौसेखातर म्हणत नाही. या दिवसात जे जपण्यासारखं आहे ते मुलाच्या हातून काहीतरी घडण्यात आहे, आणि गेल्या ऐंशी-नव्वद वर्षांत आपण नेमकं तेच मुलांच्या हातून काढून घेतलं.

स्कॉटलंड-आयर्लंडमध्ये हॅलोविनच्या रात्री पोरं मोठ्यांचे जुनेपाने कपडे चढवायची, तोंडाला काजळी फासायची आणि घरोघर जायची. नुसतं दारात उभं राहून काही मिळत नसे. गाणं म्हणा, कविता म्हणा, काहीतरी करून दाखवा, मग सफरचंद, अक्रोड, एखादं नाणं. तिथून आलेल्या लोकांबरोबर ही रीत एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत आली. मॅसॅच्युसेट्समधल्या डेनिसन या कागदाच्या कंपनीनं १९०९ साली हॅलोविनची पहिली पुस्तिका काढली. तिच्या पुढच्या पुस्तिकांत क्रेप, म्हणजे चुण्यांच्या पातळ कागदाचे पोशाख कसे कापायचे, कसे चिकटवायचे, हे चित्रांसकट असायचं. कंपनीला आपला कागद विकायचा होता हे उघड आहे, पण विकला जात होता तो कागद. त्याचं काय करायचं, ते घरात ठरत होतं.

मग तयार पोशाख आला. ब्रुकलिनमध्ये १९३७ साली सुरू झालेल्या बेन कूपर कंपनीचे खोक्यातले पोशाख पुढं घराघरांत पोचले. दुसऱ्या महायुद्धातलं साखरेचं रेशनिंग १९४७ मध्ये उठलं आणि दारोदार गोळ्या-चॉकलेटं मागत फिरण्याची चाल देशभर पसरली, तेव्हा तर या खोक्यांची चलती झाली. आत काय असायचं? रबरी दोरीचा पातळ प्लॅस्टिकचा मुखवटा आणि पाठीमागं बांधायचा झगा. त्या झग्याच्या छातीवर त्याच पात्राचं चित्र आणि मोठ्या अक्षरात नाव. ही गोष्ट मला फार बोलकी वाटते. मूल ज्याचं सोंग घेतंय त्याचं नाव त्याच्याच छातीवर छापून ठेवलेलं. म्हणजे सोंग वठवायची गरजच उरली नाही. पोराला बोलायचं नाही, चालून दाखवायचं नाही, काही जमवायचं नाही. खोकं उघडायचं आणि झगा चढवायचा. आजचे पोशाख त्याहून देखणे असतात, स्पंज भरून शिवलेले दंडही असतात, पण गंमत तीच, किंवा गंमत गेली ती तशीच.

आता घरच्या पोशाखाविषयी, कारण त्याचीही दुसरी बाजू आहे आणि ती मी स्वतः जगले आहे.

मुलगी पाच वर्षांची होती तेव्हा तिला घुबड व्हायचं होतं. मी जुन्या स्वेटशर्टवर फेल्टची पिसं चिकटवायला घेतली. चार रंगांचं फेल्ट, प्रत्येक पीस वेगळं कापलेलं, खालच्या ओळीपासून वर अशी कौलं रचावीत तशी रचलेली. ऑफिसातून आल्यावर, स्वयंपाक उरकून, ती झोपली की मी बसायची. शेवटच्या रात्री एक वाजला. गरम गोंदाच्या बंदुकीनं अंगठ्याला फोड आला होता. तिनं एकदा मध्यरात्री उठून विचारलं, ‘मी एक चिकटवू?’ आणि मी म्हणाले, ‘नको, वाकडं लागेल.’

त्या वर्षी शाळेच्या मिरवणुकीत ‘घरी केलेला सर्वोत्तम पोशाख’ म्हणून तिला निळी फीत मिळाली. घरी येताना गाडीत तिनं ती फीत काढून माझ्याकडे दिली. म्हणाली, ‘आई, ही तुझी आहे.’ तिच्या आवाजात राग नव्हता. ती फक्त खरं सांगत होती. पोशाख मानेला टोचत होता, तो तिनं संध्याकाळी वीस मिनिटांत उतरवला. मी रागावले. तिच्यावर रागवायचं काहीच कारण नव्हतं.

तेव्हापासून ‘घरी केलेला’ हा शब्द मी जपून वापरते. घरी म्हणजे कुणी केलेला? बहुतेक वेळा आईनं, रात्री, एकटीनं. जिला शिवण येतं, जिला वेळ आहे, तिचं मूल मिरवतं. जी दोन पाळ्यांत काम करते तिच्या मुलाच्या वाट्याला दुकानातला झगा येतो किंवा काहीच येत नाही. वर ‘हल्लीच्या आयांना हातानं काही करायला नको’ हे ऐकायचं तिनंच. आणि हातानं करणं स्वस्त असतं, हेही अर्धंच खरं. घुबडाचं फेल्ट, गोंद, स्वेटशर्ट यांचा हिशेब दुकानातल्या पोशाखाच्या वर गेला होता. शिवाय साहित्य मिळायची ठिकाणंही आटली आहेत. क्लीव्हलंडमध्ये १९४३ साली सुरू झालेली जोअ‍ॅन ही कापड आणि शिवणसामानाची साखळी २०२५ मध्ये बुडाली. सुमारे आठशे दुकानं बंद झाली. कित्येक गावांत हाताला लावून पाहून कापड घ्यायचं तेवढं एकच दुकान होतं.

तेव्हा ‘विकतचं वाईट, घरचं चांगलं’ असा हा सरळ हिशेब नाही. मोठ्या माणसानं रात्र जागून केलेला बिनचूक पोशाख आणि खोक्यातून काढलेला पोशाख, मुलाच्या दृष्टीनं दोन्ही सारखेच. दोन्ही ठिकाणी त्याला फक्त आत शिरायचं असतं.

पुढच्या वर्षी तिनं जाहीर केलं, की मी टपालपेटी होणार. आमच्या कोपऱ्यावर उभी असते ती निळी, वरून गोल, चार पायांची पेटी. मी फक्त सुरी चालवीन, बाकी तू, असं ठरलं. दोन शनिवार लागले. पहिल्या शनिवारी ती त्या पेटीसमोर वही घेऊन उभी राहिली. रोज जिच्यावरून जात होतो त्या पेटीला किती खिळे आहेत, मूठ कुठं आहे, झाकण कुठल्या बाजूला उघडतं, टपाल किती वाजता नेतात, हे आम्ही दोघींनी कधीच पाहिलं नव्हतं. तिनं ते सगळं लिहून आणलं.

गोल माथ्यापाशी काम अडलं. पुठ्ठा वाकवला की मध्येच मोडायचा, टोक यायचं. मग तिच्या लक्षात आलं की पुठ्ठ्याच्या आत नळ्यांसारख्या रांगा असतात. त्या रांगांच्या दिशेनं वळवलं तर पुठ्ठा ऐकतो, आडवं वळवलं तर मोडतो. मी एक युक्ती सांगितली. एका बाजूचा कागद ओल्या फडक्यानं भिजवून सोलायचा, म्हणजे त्या रांगा उघड्या पडतात आणि पुठ्ठा चटईसारखा गुंडाळता येतो. कागद सोलताना तिचा चेहरा मला अजून दिसतो. जीभ दातांत धरलेली, नखांत लगदा. चार ठिकाणी फाटलं, तिथं तिनं चिकटपट्टी लावली आणि वरून निळा रंग दिला.

पेटीला हात नसतात म्हणून तिला हातांसाठी भोकं नको होती. घालून पाहिल्यावर कळलं, की हात नसले तर दारावरची घंटा वाजवता येत नाही आणि पायऱ्या चढताना गुडघे आपटतात. मग दोन्ही बाजूंना झडपा केल्या, समोरचा भाग चार बोटं कापला. आत उशीचा अभ्रा चिकटवला, म्हणजे टपालाच्या फटीतून टाकलेल्या गोळ्या थेट त्यात. वर तिनं इंग्रजीत ‘यू. एस. मेल’ लिहिलं, त्यातला एस उलटा आला. मी तो सुधारला नाही. फार अवघड गेलं ते मला.

त्या रात्री पलीकडच्या गल्लीतल्या एका आजोबांनी फटीत गोळी टाकायच्या आधी विचारलं, ‘शनिवारचं टपाल किती वाजता निघतं?’ पेटीतून उत्तर आलं, ‘दुपारी एक वाजता. रविवारी नाही.’ स्कॉटलंडच्या त्या जुन्या पोरांना दारात जे करून दाखवावं लागे, ते इतक्या वर्षांनी त्या दारात आपोआप झालं. कुणी शिकवलं नव्हतं. जी वस्तू आपण हातानं केली तिची माहिती अंगात भिनलेली असते, म्हणून सोंग वठतं.

हे एका घरापुरतं राहू नये म्हणूनच शाळा हवी. मराठीत म्हणतात ना, सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही. मिरवणुकीत नेमकं तेच होतं. कुणाचा झगा वीस डॉलरचा, कुणाचा ऐंशीचा, हे मुलांना बरोबर कळतं. अमेरिकेतल्या किरकोळ व्यापाऱ्यांच्या राष्ट्रीय संघटनेनं २०२३ च्या हॅलोविनसाठी १२.२ अब्ज डॉलर खर्चाचा अंदाज केला होता, त्यात ४.१ अब्ज निव्वळ पोशाखांचे. यातलं बहुतेक कापड पॉलिएस्टर. ब्रिटनमध्ये हबब आणि फेअरीलँड ट्रस्ट या संस्थांनी २०१९ मध्ये बाजारातले हॅलोविनचे पोशाख तपासले, तेव्हा त्यातलं ८३ टक्के साहित्य खनिज तेलापासून केलेलं प्लॅस्टिक निघालं. एका संध्याकाळसाठी. पण सगळ्यांनी एकाच ढिगातून पुठ्ठा उचलला, तर कुणाच्या बापाकडे किती पैसे आहेत हे पोशाखावर लिहिलेलं राहत नाही. कुणाची आई रात्री जागू शकते, हेही राहत नाही. शाळेला ज्या मुलांची काळजी आहे ती नेमकी याच दोन कारणांनी मागं पडतात, आणि बंदी घालून त्यांना काहीच मिळत नाही. संध्याकाळी गल्लीत सगळे वेष करून निघतातच. तिथं ती पुन्हा भिंतीला टेकून.

आणखी काही मुलं आहेत ज्यांच्यासाठी हातानं करणं ही सोय नाही, गरज आहे. चाकाच्या खुर्चीतल्या मुलाला दुकानातला झगा खुर्चीच्या हातांत अडकतो, चाकांत जातो. अमेरिकेत मॅजिक व्हीलचेअर नावाची संस्था अशा मुलांसाठी खुर्चीभोवतीच पोशाख बांधून देते. खुर्चीचंच जहाज होतं, खुर्चीचाच राक्षस. स्वयंसेवक मुलाला विचारून करतात. जाळीचं कापड किंवा मानेमागची चिठ्ठी ज्यांच्या अंगाला अजिबात सोसत नाही अशी मुलंही प्रत्येक वर्गात असतात. त्यांचा वेष त्यांच्या रोजच्या मऊ सदऱ्यावर शेपूट लावूनच सुरू व्हायला हवा. आमच्या घुबडानं मला हे आधीच सांगितलं होतं, मी ऐकलं नाही.

दुसऱ्यांची संस्कृती वेष म्हणून अंगावर चढवायची का, या प्रश्नावर मी थोडक्यात बोलते. ओहायो विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी २०११ मध्ये त्यावर मोहीम काढली होती, आम्ही एक संस्कृती आहोत, पोशाख नाही, असं सांगणारी. माझं निरीक्षण एवढंच, की असले पोशाख मुलं मनानं करत नाहीत, ते पाकिटात तयार मिळतात. सहा वर्षांच्या मुलाला पुठ्ठा आणि रंग द्या, तो ट्रक होतो, कोळी होतो, टोस्टर होतो.

सुरक्षेचा मुद्दा मात्र घाईत उरकण्यासारखा नाही. हातानं केलेलं म्हणजे सुरक्षित, हा समज धोक्याचा आहे. क्रेप कागद क्षणात पेटतो. १९४० च्या दशकात रेयॉनच्या केसाळ कापडाचे काउबॉय पोशाख पेटून मुलं दगावली, आणि अशा घटनांनंतर १९५३ मध्ये ज्वलनशील कापडांविषयीचा केंद्रीय कायदा झाला. आजही मुलांच्या रात्रीच्या कपड्यांना आगीची जितकी कडक चाचणी लागते तितकी हॅलोविनच्या पोशाखांना लागत नाही, त्यांना साध्या कपड्यांचेच नियम. म्हणून विकतचं असो वा घरचं, घोळदार बाह्या नकोत, जमिनीवर लोळणारं काही नको, दारातल्या भोपळ्यात मेणबत्तीऐवजी बॅटरीचा दिवा हवा. पण मोठा धोका रस्त्यावर आहे. १९७५ ते २०१६ या काळातल्या अमेरिकेतल्या अपघातांच्या नोंदी तपासणाऱ्या एका अभ्यासात, एक आठवडा आधीच्या आणि नंतरच्या संध्याकाळींच्या तुलनेत हॅलोविनच्या संध्याकाळी पादचाऱ्यांच्या मृत्यूचा धोका ४३ टक्क्यांनी जास्त आढळला. पुठ्ठ्याची पेटी घातलेल्या मुलाला बाजूचं दिसत नाही, हे मी अनुभवलं आहे. आम्ही चारही बाजूंना चमकणारी पट्टी लावली आणि रस्ता ओलांडताना पेटी उतरवायची असा नियम केला. शाळेत पोशाख झाले तर या गोष्टी तीस मुलांना एकदम शिकवता येतात, आणि मुलांना त्या पटतात, कारण पट्टी कुठं लावायची हे तीच ठरवतात.

मग शाळेनं करायचं काय? ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात दोन दुपारी द्यायच्या. फर्निचरची, उपकरणांची दुकानं रिकामी खोकी फुकट देतात, ती उचलून न्यायला आम्ही पालक आहोत. बोथट कात्र्या, चिकटपट्टी, पोस्टर कलर, लोकरीचे उरलेले गुंडे. जाड पुठ्ठा लहान मुलांना कापता येत नाही, तिथं पाचवीची मुलं येऊन कापून देतील, पण रेघ मारायची ती छोट्यानं. घरून काही आणायचं नाही आणि मिरवणूक होईपर्यंत घरी काही न्यायचंही नाही, म्हणजे रात्रीत आईच्या हातून ‘सुधारणा’ होणार नाहीत. बक्षीस कुणालाच नाही.

शिक्षकांवर आधीच किती ओझं आहे याची मला कल्पना आहे, म्हणून हे काम मी त्यांच्या डोक्यावर टाकत नाहीये. मापं घेणं, नळ्यांची दिशा ओळखणं, एखादी वस्तू नीट पाहून तिची आकृती काढणं हे गणित आणि विज्ञानच आहे, त्या तासांचा वेळ फुकट जाणार नाही. धर्माची अडचण मात्र याने पूर्ण सुटत नाही, हे मला मान्य आहे. ‘यहोवाचे साक्षीदार’ या ख्रिस्ती पंथातली कुटुंबं हॅलोविन पाळत नाहीत. त्यांच्यासाठी त्या दुपारला हॅलोविनचं नाव देऊ नये, भुतंखेतं ठेवू नयेत, आणि तरीही कुणाला नको असेल तर त्याला मिरवणुकीचे फलक किंवा ढोल करायचं काम द्यावं, तेही मनापासून. बाजूला बसवलेलं मूल आणि ढोल करणारं मूल यांत फार फरक आहे.

पुढच्या मंगळवारी शिक्षण मंडळाची सभा आहे. पालकांना बोलायला प्रत्येकी तीन मिनिटं मिळतात. मी नाव नोंदवलं आहे. टपालपेटी गॅरेजमध्ये अजून आहे, माथा थोडा बसला आहे, उलटा एस शाबूत आहे. ती मी सोबत नेणार आहे, आणि मुलीनं विचारलंय की पुठ्ठा कसा सोलायचा, ते तिथं तिनं करून दाखवलं तर चालेल का. एक कोरं खोकं आणि ओलं फडकं घेऊन आम्ही दोघी जातोय.